डोळस बहिरेपण

गाणे कानांनी ऐकावयाचे असते, हे कोणास पटवून देण्याची पाळी लेखकावर येईल असे आम्हांस स्वप्नातही वाटले नव्हते. परंतु काळाचा महिमा असा अगाध की, जी गोष्ट आमच्या आजीस कोणी शिकवावी लागली नाही, ती आज सुशिक्षित मंडळींस युक्तिवादाने सांगावी लागत आहे. मुंबईच्या उपनगरांत, आणि विशेषतः अंधेरीच्या गल्लोगल्ली, गाणे डोळ्यांनी ऐकणारा एक नवा संप्रदाय उदयास आला आहे. संकलनाची अंधारी खोली हे त्याचे देऊळ, पडद्यावर नाचणारी रेघ ही त्याची मूर्ती, आणि जेथे रेघ हलत नाही तेथे गाणे नाही, हा त्याचा मूळ सिद्धांत. या सिद्धांताचा समाचार घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात मुलुंडास एका घरगुती बैठकीत मारवा ऐकण्याचा योग आला. मारव्याचे मर्म जाणत्यांस सांगणे नकोच. तथापि ज्यांस ते ठाऊक नसेल त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, या रागात गाणारा कोमल ऋषभावर आणि धैवतावर रेंगाळतो व षड्ज हातचा राखून ठेवतो. दिवेलागणीला घरचे माणूस परत येण्याची वाट पाहावी तशी ऐकणारा त्या षड्जाची वाट पाहतो. त्या दिवशी गाणाऱ्या बाईंनी ही वाट फार वेळ पाहावयास लाविली. आणि अखेर ऋषभावरून षड्जावर त्या हळूच उतरल्या तेव्हा खोलीतल्या तीसचाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला. कोणी दाद दिली नाही, कोणाची मान हलली नाही. त्या क्षणी आवाजही बेताचाच होता.

पंधरा दिवसांनी त्याच बैठकीची म्हणून एक चाळीस सेकंदांची क्लिप आमच्या भ्रमणध्वनीवर आली. तीत द्रुत तानेचे शेपूट होते, तिहाई होती, मागे भगव्या-निळ्या प्रकाशाचे एक कडे तबल्याच्या ठोक्यास फुगत होते, आणि कडेने ठिणग्या उडत होत्या. वाट पाहणे नव्हते, ऋषभ नव्हता, तो षड्ज तर नव्हताच. ही क्लिप ज्या खोलीत तयार झाली ती अंधेरीच्या वीरा देसाई रस्त्यावर आहे असे कळले. ओळखीच्या एका गृहस्थांस बरोबर घेऊन आम्ही तेथे गेलो. घाटकोपरहून रोज मेट्रोने येणारा एक विशीतला तरुण संकलनास बसला होता. वागण्यास नम्र, हाताचा चलाख. आम्ही त्यास विलंबिताचा तो भाग काढावयास सांगितले. त्याने तो काढला, ध्वनीची रेघ पडद्यावर मोठी करून दाखविली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, इथे तर काहीच नाही."

वाचकहो, या शब्दांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहो. त्या रेघेवर खरोखरच काही नव्हते.

ही रेघ आणि हे कडे नाचते तरी कसे, हे आधी पाहिले पाहिजे. कारण शत्रूचे बळ न जाणता लढाईस उभे राहणे ही आमच्यात जुनी खोड आहे. ज्यास या धंद्यात 'व्हिज्युअलायझर' म्हणतात, ते सॉफ्टवेअर ध्वनीचे बारीक तुकडे घेऊन प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनसंख्येचा जोर किती आहे याचा हिशेब करते. या हिशेबाची तात्त्विक बैठक फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने उष्णतेवरील आपल्या १८२२च्या ग्रंथात घातली. तो झटपट करण्याची सुप्रसिद्ध रीत कूली आणि ट्युकी या दोघांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. आणि घरोघरच्या संगणकांवर गाण्याबरोबर रंगांचे भोवरे फिरू लागले ते विनॅम्पसाठी २००१ साली आलेल्या मिल्कड्रॉपसारख्या प्रोग्रामांनी. आता त्यात क्लिपांची भर पडली आहे. संकलक चित्रांचे तुकडे टाइमलाइनवर मांडतो, प्रत्येकाचे आरंभाचे व शेवटाचे टोक ठरवितो, एकावर एक थर रचतो, आणि मग एखाद्या क्लिपचा आकार खालच्या पट्टीच्या ध्वनीस, दुसरीची चकाकी वरच्या पट्टीच्या ध्वनीस बांधून देतो. पुढे डग्गा घुमला की चित्र फुगते, झांज वाजली की चमकते. कारागिरी म्हणून हे सामान्य नाही, हे आम्ही आनंदाने कबूल करतो.

परंतु या हिशेबात काय मावते आणि काय निसटते, ते पाहा. या कामी नेहमी घेतात तसा २,०४८ नमुन्यांचा तुकडा घेतला, आणि ध्वनी सेकंदास ४४,१०० नमुन्यांनी नोंदलेला असला, तर यंत्राच्या गाळणीची भोके सुमारे साडेएकवीस कंपनांची होतात. काळी चार पट्टीत गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज सुमारे २०८ कंपनांचा. त्याच्या शेजारचा कोमल ऋषभ सुमारे २२२ कंपनांचा. अंतर अवघे चौदा! म्हणजे मूळ स्वरापुरते बोलावयाचे तर ज्या दोन स्वरांतील अंतरावर मारव्याचा सगळा संसार उभा आहे, ते अंतर या गाळणीच्या एका भोकातही सामावून जाते. वरच्या स्वरांशांत तो भेद उमटतो हे खरे. पण कडे फुगविण्यापूर्वी यंत्र बहुधा सगळ्या भोकांची मोट बांधून खालचा, मधला आणि वरचा असे तीनच पट्टे करते, आणि मग तेवढाही भेद राहत नाही. तीसचाळीस माणसांनी श्वास सोडला, आणि यंत्राने काहीच टिपले नाही, याचे कारण यंत्र बिघडले होते असे नव्हे. त्यास जे मोजावयास सांगितले होते ते त्याने चोख मोजले. जोर मोजावयास सांगितला होता. त्याने जोर मोजला.

जोर म्हणजेच अर्थ, ही या संप्रदायाची पहिली चूक. आमच्या तालशास्त्राने तिचे खंडन कधीच करून ठेविले आहे, आणि तेही एका शब्दात. तो शब्द म्हणजे खाली. टाळीइतकाच मान खालीस आहे. हात उलटा करून आपण ती दाखवितो, आणि तेथे डग्ग्याचा घुमारा मिटतो म्हणूनच ऐकणारास आवर्तनातील आपली जागा कळते. रूपक ताल तर या बाबतीत यंत्राची परीक्षा घेण्यासाठीच जन्मास आला असावा असे वाटते. सात मात्रांच्या या तालाची सम हीच खाली. पहिल्या मात्रेवर 'तीं' आणि घुमारा नाही, घुमारा चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. आता ज्या क्लिपची चकाकी डग्ग्यास बांधली आहे ती रूपकातील भजनावर लावून पाहा. चौथ्या मात्रेस ती झळकेल, सहाव्या मात्रेस झळकेल, आणि जेथे गाणारा, वाजविणारा व ऐकणारा तिघेही एकत्र येतात त्या समेवर पडद्यावर काळोख! पंगतीत मुख्य पाहुण्याच्या पानावर वाढावयाचे राहून जावे, तशातला हा प्रकार.

दुसरी चूक चार या आकड्याची. ही साधने ज्या नाचगाण्यांसाठी वाढली त्यांत ठोके चारचारांच्या गटांनी चालतात. म्हणून अशा बहुतेक साधनांत क्लिपचे आवर्तनही चार, आठ किंवा सोळा ठोक्यांचे गृहीत धरलेले असते. बोरिवली-घाटकोपरच्या मैदानांवर नवरात्रात प्रकाशाच्या मोठमोठ्या भिंती उभ्या राहतात आणि त्यांवर अशाच क्लिपा फिरत असतात. गरब्याची हींच सहा मात्रांची. एक ठोका ही एक मात्रा धरली, तर चारांची क्लिप आणि सहांची हींच बारा मात्रांनी एकदा भेटणार. मध्ये भिंत एकीकडे आणि फेर दुसरीकडे. रूपकाची गाठ अठ्ठावीस मात्रांनी, झपतालाची वीस मात्रांनी. मैदानावर फेर धरणाऱ्या मुलीच्या पायांस जे कळते ते त्या भिंतीस कळत नाही. आणि हे दुरुस्त करणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. क्लिपची लांबी ठोक्यांत लिहावयाची सोय अशा बऱ्याच साधनांत असते. चाराच्या जागी सहा लिहावयाचे असतात. पण सहा लिहावयास आधी सहा मोजावे लागतात, आणि मोजावयास ऐकावे लागते.

येथे कोणी म्हणेल की, ही मंडळी निष्काळजी आहेत. तसेही नाही, आणि आम्हांस खरे वैषम्य वाटते ते याचेच. हाच संकलक चित्राच्या बाबतीत किती दक्ष असतो! नेहमीच्या बांधणीच्या चित्रफितीत प्रत्येक चौकट पूर्ण साठविलेली नसते; मधूनमधून एक पूर्ण चौकट आणि इतर ठिकाणी केवळ फरकाची नोंद, अशी काटकसर केलेली असते. त्यामुळे अशी क्लिप उलटी फिरविली किंवा तिच्या मध्येच उडी मारली की ती अडखळते. म्हणून प्रयोगापूर्वी तो तिचे दुसऱ्या बांधणीत रूपांतर करून घेतो, जीत प्रत्येक चौकट स्वयंपूर्ण असते. जागा दसपट गेली तरी चालेल, पण चित्र अडखळता कामा नये! जो मनुष्य सेकंदाच्या पंचविसाव्या भागासाठी इतका जीव टाकतो, त्यास समेवर चित्र अडखळल्याचे दुःख होत नाही. ते का? डोळ्यांस बोचेल तेवढाच दोष, असे त्यास शिकविले गेले आहे म्हणून.

आता आमच्या विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, 'तुम्ही जुनी माणसे. बोलपट आला तेव्हाही तुम्ही नाके मुरडली असतील. नादाचे चित्र होणे ही काळाची गती आहे.' हातच्या कांकणास आरसा कशाला, तसा कानातल्या गाण्यास पडदा कशाला, असे म्हणून आम्हांस हा वाद चटकन मिटविता आला असता. पण ते अन्यायाचे होईल, कारण नादाचे चित्र काढण्यास आमचा विरोध नाहीच. आमच्या देशात रागमाला रंगल्या. दख्खनी कलमाची सोळाव्या शतकाच्या अखेरची रागमालाचित्रे आजही जगातील संग्रहालयांत मानाने मांडली जातात. तोडी म्हटली की वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती भान हरपलेली हरणे, असे चित्रकारांनी ठरविले. ते चित्र तोडीच्या आवाजास बांधलेले नाही. तोडी ऐकून एका माणसाच्या मनात जे उमटले त्यास बांधलेले आहे. ऑस्कर फिशिंगर याने १९४७ साली 'मोशन पेंटिंग नंबर १' हा चित्रपट बाखच्या संगीतावर केला, तो काचेवर रंगाचा एकेक फटकारा देऊन आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर एकेक चौकट टिपून. आपल्याच मुंबईत फिल्म्स डिव्हिजनसाठी प्रमोद पती यांनी १९६८ साली 'एक्स्प्लोरर' केला. त्यातली चित्रे इतक्या वेगाने येतात की आजच्या तरुणासही धाप लागावी. तेव्हा वेगासही आमची ना नाही. या सर्वांत आणि आजच्या नाचऱ्या कड्यात भेद इतकाच, की तेथे नाद आणि चित्र यांच्यामध्ये ऐकणारा एक मनुष्य उभा होता. येथे तो उठून गेला आहे.

आणि बोलपटाचेच नाव निघाले म्हणून सांगतो. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. १९३४ साली मालाडास बॉम्बे टॉकीज आणि १९४३ साली गोरेगावास फिल्मिस्तान उभे राहिले. म्हणजे अंधेरीपलीकडच्या या पट्ट्यात गाणे आणि चित्र यांचे लग्न लावण्याचा उद्योग नव्वद वर्षांचा जुना आहे. त्या काळच्या फिल्मवर ध्वनी कसा असे? चौकटींच्या कडेला, एका अरुंद पट्टीत, प्रकाशाने छापलेल्या वळणावळणांच्या रेघेच्या रूपाने! नादाची रेघ ही अशी मुळीच नवी नाही. हजारो संकलकांनी ती हाताळली. ती रेघ आणि तिचे चित्र फिल्मवर समोरासमोर नसत, सुमारे वीस चौकटींचे अंतर राखून छापावे लागत, हेही त्यांस तोंडपाठ होते. परंतु ती रेघ चौकटीच्या बाहेर होती. डिस्नेने १९४० साली 'फँटेशिया'त तीस पडद्याच्या मधोमध आणून उभे केले, पण ते दोन घटका थट्टा म्हणून. आज ती थट्टा हाच व्यवसाय होऊन बसला आहे.

विरुद्ध पक्षाचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. ते म्हणतात, 'आजच्या श्रोत्यास नुसत्या कानांनी बसवत नाही. त्यास हलते काहीतरी दाखवा, म्हणजे निदान चाळीस सेकंद तरी मारवा त्याच्या कानी पडेल. काहीच न पडण्यापेक्षा हे बरे नव्हे काय?' बरे असते, जर त्या चाळीस सेकंदांत मारवा पडला असता तर! पण पडला तो तानेचा तुकडा. ठरावीक पातळीखालचा आवाज म्हणजे निःशब्दता असे मानून तेवढा भाग आपोआप गाळून टाकण्याची सोय आता पुष्कळ साधनांत आली आहे. भाषणातील खाकरणे-खोकणे गाळण्यास ती उत्तम. परंतु तीच कात्री आलापावर चालली, तर दोन स्वरांमधील विसावा, तंबोऱ्याची एकट्याची घटका, समेपूर्वी गाणाऱ्याने धरलेला श्वास, हे सर्व केराच्या टोपलीत जाते. ज्यावर सगळे गाणे उभे असते तो तंबोराच या रेघेवर सपाट दिसतो. आणि मग ज्या मुलाने मारवा म्हणून हेच तुकडे शंभर वेळा ऐकले, तो उद्या बैठकीस आला आणि अर्ध्या तासाने कुजबुजला, 'अजून सुरू का होत नाही?' तर दोष कोणाचा? श्रोत्यास धीर नाही असे म्हणत आपणच त्याचा धीर कापून घेत आहो.

तर मग अपराधी कोण? तो घाटकोपरचा तरुण नव्हे, हे आम्ही निक्षून सांगतो. त्या दिवशी आम्ही त्यास पडदा मालवावयास सांगितला आणि तो सबंध विलंबित तिघांनी अंधारात ऐकला. षड्ज आला तेव्हा तो खुर्चीत थोडा पुढे सरकला. संपल्यावर म्हणाला, "कळलं, काका. पण मला दिवसाला बारा क्लिपा द्याव्या लागतात. हे ऐकायला मला वेळ कोण देतं?" या प्रश्नास आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते, पुष्कळ विचारांती जे सुचले ते येथे मांडतो, आणि ते त्याच्यासाठी नसून त्यास काम देणाऱ्यांसाठी आहे. बैठकी भरविणारी मंडळे, ध्वनिमुद्रिका काढणारे व्यापारी, उत्सवांचे कार्यवाह, आणि स्वतःच्या क्लिपांखालचे आकडे मोजीत बसणारे गवई, या सर्वांस आमचे हे गाऱ्हाणे लागू आहे.

पहिली गोष्ट: संकलनाच्या मोबदल्यात ऐकण्याचा मोबदला धरा. पाऊण तासाच्या ख्यालाची क्लिप हवी असेल तर पाऊण तास ऐकण्याचे दाम द्या. शिंप्यास माप घेऊ न देता अंगरखा मागणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. दुसरी: काम देताना रागाचे नाव, तालाचे नाव, मात्रा, आणि ज्यासाठी ते गाणे जपावेसे वाटले ती जागा, एवढे चार ओळींत लिहून द्या. ते लिहिता येत नसेल तर क्लिप काढण्याची घाई तरी करू नका. तिसरी: कापण्याची खूण पडदा मालवून कानांनी करावी आणि मग दिवा लावून चित्र बसवावे, पाच सेकंद रेघ सपाट राहिली तर राहू द्यावी, आणि कडे फुगले नाही तर आकाश कोसळत नाही. चौथी: गवयाच्या आणि तबलजीच्या नावाखाली संकलकाचेही नाव छापा. ज्याच्या हातून गाण्याचा कोणता भाग जगेल आणि कोणता मरेल हे ठरते, तो निनावी राहणे गाण्याच्याही हिताचे नाही. नावाची लाज असली म्हणजे हात जपून चालतो.

यावर 'एवढे सोपस्कार कोण करतो?' असा प्रश्न येणार हे आम्हांस दिसते. न करणारे न करोत. परंतु मग त्यांनी निदान आपण संगीताचा प्रसार करीत आहो ही भाषा सोडावी. ते प्रकाशाच्या कड्यांचा प्रसार करीत आहेत. तो धंदा वाईट नाही, पण तो वेगळा आहे.

हा लेख लिहीत असताना आमच्या हाती मारव्याची ती चाळीस सेकंदांची क्लिप पुन्हा आली. आता तिच्यामागे एक दुसरी, जरा लांब क्लिप होती. पाठविणाराने नाव लिहिले नव्हते. तीत कडे नाही, ठिणग्या नाहीत. काळ्या पडद्यावर तंबोऱ्याच्या खुंटीचे एक स्थिर चित्र, बाईंचा तो ऋषभ, पुष्कळ वेळ काहीच नाही, आणि मग षड्ज. रेघेवर पाहिले तर तेथे आजही सपाट मैदानच दिसेल. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्याने ती न पाहता ऐकावी.